त्या हरणाचे काय झाले?

आमच्या नायगावाकडे रब्बीची रास घरात आली की सप्ताहांचे दिवस सुरू होतात. गावागावात मांडव पडतात, कर्णे बांधले जातात, आणि सात दिवस भागवताची कथा चालते. अशाच एका मांडवात परवाच्या वर्षी परीक्षितीचे आख्यान ऐकले. महाराजांनी ते मोठ्या रंगात सांगितले. रानात भटकून तहानेने व्याकुळ झालेला राजा, डोळे मिटून बसलेला ऋषी, मागूनही न मिळालेले पाणी, राजाचा संताप, धनुष्याच्या टोकाने उचलून ऋषीच्या गळ्यात टाकलेला मेलेला साप, ऋषिपुत्राचा शाप आणि सातव्या दिवशी येणारा तक्षक. बायाबापड्यांनी डोळे पुसले, मृदंग वाजला, आरती झाली.

दुसऱ्या दिवशी वर्गात तीच गोष्ट निघाली. निम्मा वर्ग आदल्या रात्री मांडवात होता. मी मुलांना म्हणालो, "महाभारतात हीच गोष्ट थोडी निराळी आहे. तिथे राजा केवळ तहानेला म्हणून फिरत नव्हता. त्याने एका हरणाला बाण मारला होता. हरणाला बाण लागला, पण ते बाणासकट पळाले आणि दिसेनासे झाले. त्याला शोधीत तो ऋषीपर्यंत गेला." एवढे बोलून मी पुढे सापाकडे वळणार, तोच मागल्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला.

"गुरुजी, मंग त्या हरणाचं काय झालं?"

मला उत्तर देता आले नाही. घंटा झाली म्हणून सुटलो. परंतु घरी आल्यावर पुस्तक काढले, पाने चाळली, आणि ध्यानात आले की उत्तर माझ्यापाशी नव्हते तसे ते पुस्तकातही नाही. ज्या हरणाच्या मागे धावता धावता राजाचा जीव गेला, ज्याच्यापायी आपण आजही गावोगाव सात सात दिवस मांडव घालतो, ते हरीण पुढे कोणाच्याच हिशेबात नाही. त्याच्यावर चार शब्द लिहावेत असे तेव्हापासून मनात होते. मी पंडित नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते, आणि संस्कृत मी भाषांतराला बोट लावून वाचणारा. पण गोष्ट सांगण्याचा माझा धंदा आहे, आणि गोष्टीतून एखादे पात्र हरवले तर ते आम्हां धंदेवाल्यांना चटकन दिसते.

*

महाभारताच्या आदिपर्वात, आस्तिकाच्या कथेत, हा प्रसंग येतो. परीक्षित राजा मृगयेचा मोठा शौकीन. व्यास सांगतात की त्याने विंधलेले हरीण आजवर कधी जिवंत निसटले नव्हते. हे एकच निसटले. राजा त्याच्या मागे गहन रानात शिरला. थकला, तहानला, भुकेला. शेवटी गाईंच्या चरण्याच्या जागी, वासरांच्या तोंडचा फेस पिऊन राहणारा शमीक ऋषी त्याला दिसला. राजाने आपले नाव सांगितले, आपण अभिमन्यूचा पुत्र असल्याचे सांगितले, आणि एकच प्रश्न विचारला. आपण बाण मारलेले हरीण दिसेनासे झाले आहे, ते तुम्ही पाहिलेत का? त्याने पाणी मागितले नाही, की आसन मागितले नाही. विचारले ते हरणाविषयी. ऋषीचे मौनव्रत होते. तो बोलला नाही. पुढचे सर्वांना ठाऊक आहे.

आता हाच प्रसंग श्रीमद्‌भागवताच्या पहिल्या स्कंधात पाहा. तिथे राजा हरणांच्या मागे फिरून थकला आहे खरा, पण बाण लागलेले एक हरीण तिथे उरलेले नाही. राजा ऋषीपाशी पाणी मागतो. पाणी मिळत नाही, बसायला जागा मिळत नाही, कोणी विचारपूस करीत नाही. हा अपमान त्याला सहन होत नाही. कीर्तनकार यात आणखी एक भर घालतात. कली राजाच्या सोन्याच्या मुकुटात बसला होता, म्हणून बुद्धी फिरली, असे सांगतात.

दोन्ही ठिकाणी साप तोच, शाप तोच. पण राजाच्या रागाचे कारण बदलले, आणि कारण बदलले की माणूस बदलतो. भागवतातला राजा मान न मिळाल्याने चिडलेला यजमान आहे. महाभारतातला राजा निराळा आहे. त्याच्या हातून अर्धवट काहीतरी घडले आहे आणि ते पुरे होत नाही. कुठेतरी झुडुपात एक जीव त्याचा बाण अंगात घेऊन पडला आहे, की धावतो आहे, की मेला आहे, हे त्याला कळत नाही. ते सांगू शकेल असा जो एकुलता एक माणूस भेटला, तो गप्प बसला आहे. हा राग अपमानाचा नाही. आपल्याच हातून झालेल्या गोष्टीचा चटका दुसऱ्याच्या अंगाला लावण्याची ही धडपड आहे. माझ्या मते व्यासांचा राजा भागवतकारांच्या राजापेक्षा अधिक खरा आहे, आणि तो खरा आहे तो त्या हरणामुळे.

भागवतकारांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्यांना राजाला गंगेच्या काठी नेऊन बसवायचे होते, शुकाचार्यांना बोलवायचे होते, कृष्णकथा सांगायची होती. इतक्या मोठ्या प्रवासात एक जखमी हरीण कोण बरोबर घेणार? पण वाचकाने एवढे ओळखावे की ते पहिल्यांदा रानात हरवले आणि दुसऱ्यांदा ग्रंथात.

*

महाभारतात राजाच्या तोंडी हरणासाठी जो शब्द आहे तो 'नष्ट' असा आहे. मराठीत नष्ट म्हणजे नाश पावलेले. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ दिसेनासे झालेले, हरवलेले असा. या दोन अर्थांच्या मध्ये तो शिकारी अडकला आहे. संस्कृतातले 'नष्ट' हरीण मराठीतले 'नष्ट' झाले की नाही, हेच त्याला कळत नाही.

शब्दांच्याच गोष्टी निघाल्या म्हणून आणखी एक. 'मृग' या शब्दामागे जो धातू आहे त्याचा अर्थ शोधणे. मृगया म्हणजे नुसते मारणे नव्हे, शोधणे. 'मार्ग' हा शब्दही कोशकार त्याच घरातला सांगतात. रानातल्या जनावराची वाट, तो मार्ग. त्या मार्गाचाच आपल्या बोलीत 'माग' झाला. 'माग काढणे' असे आपण म्हणतो तेव्हा नकळत त्या जुन्या शिकाऱ्याचीच भाषा बोलत असतो. म्हणजे मारण्यापेक्षा माग काढणे हीच शिकारीची खरी जबाबदारी, असे आपली भाषा सांगते. ज्याने बाण सोडला त्याने मागही काढला पाहिजे.

आपल्या जुन्या साहित्यात शिकारी थोडे नाहीत. पांडूने मृगाच्या जोडीवर बाण सोडले. तो किंदम ऋषी निघाला आणि त्याने शाप दिला. दशरथाने अंधारात पाण्याचा आवाज ऐकून, हत्ती समजून बाण सोडला. माणसाचा आक्रोश ऐकू आला तेव्हा तो धावला. जरा नावाच्या व्याधाने हरीण समजून बाण मारला आणि जवळ जाऊन पाहतो तो श्रीकृष्ण. या तिन्ही गोष्टींत एक साम्य आहे. शिकारी आपल्या सावजापर्यंत पोहोचतो. तिथे त्याला बोलणारे तोंड भेटते. ते तोंड शाप देते, किंवा जरा व्याधाला मिळाले तसे अभयही देते. काहीही असो, हिशेब पुरा होतो. पांडूला पुढचे सारे आयुष्य शापाखाली काढावे लागले, पण आपण काय केले हे तरी त्याला ठाऊक होते. परीक्षितीला ते भाग्य नाही. त्याचे हरीण बोलले नाही, पडले नाही, सापडले नाही. सगळ्या जुन्या कथांत हा एकच शिकारी मला असा दिसतो की ज्याला आपल्या बाणाचा शेवट कळला नाही.

आणि ही गोष्ट व्यासांच्या ध्यानात होती, असे मला वाटते. कारण परीक्षिती हरणामागे रानात शिरतो तिथे त्यांनी एक उपमा दिली आहे. रुद्राने आकाशात यज्ञमृगाला विंधले आणि धनुष्य हाती घेऊन तो त्याला शोधीत इकडे तिकडे फिरला, तसा हा राजा. उपमा सहज आलेली नाही. ती कुठून आली हे पाहायचे तर रात्री अंगणात यावे लागते.

*

दिवाळीच्या दिवसांत रात्री दहाच्या सुमारास पणत्या विझत आल्या, मुले फटाके उडवून दमली, की घराच्या पूर्वेला जरा मोकळ्यावर उभे राहावे. चार कोपऱ्यांना चार ठळक तारे आणि मधे एका ओळीत तीन, असे नक्षत्र वर येताना दिसते. ते मृग. चार तारे हे त्याचे चार पाय आणि मधले तीन हा पोटात घुसलेला बाण. आमच्याकडचे म्हातारे त्या तिघांना तिकांडे म्हणतात. त्या तीन ताऱ्यांची रेघ खाली क्षितिजाकडे लांबवली की थोड्या वेळाने जो लखलखीत तारा उगवतो तो व्याध. ऐतरेय ब्राह्मणात ही कथा आहे. प्रजापतीने मृगाचे रूप घेऊन मर्यादा सोडली, तेव्हा देवांनी त्याला शासन करण्यासाठी रुद्राला सिद्ध केले. त्याने बाण सोडला. विंधलेला मृग आकाशात उडाला आणि त्याच्या मागे मृगव्याध. त्या बाणाला तिथे तीन कांडांचा म्हटले आहे. आमच्या म्हाताऱ्यांचे तिकांडे ते हेच. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली 'ओरायन' हा ग्रंथ लिहिला तो याच नक्षत्राच्या आधाराने वेदांचा काळ ठरवण्यासाठी.

म्हणजे आपल्या आकाशातले सर्वांत देखणे चित्र हे बाण लागून निसटलेल्या हरणाचे आहे. हरीण पुढे, शिकारी मागे, आणि अंतर युगानुयुगे तेवढेच. आम्ही शेतकरी मंडळी जूनमध्ये 'मृग लागला' म्हणून तिफण जुंपतो, तेव्हा सूर्य त्या नक्षत्रात असल्याने हरीण डोळ्यांना दिसत नाही. तेही एका परीने हरवलेलेच असते.

*

यावर दुसरी बाजू आहे ती शिवरात्रीच्या कथेची. श्रीधरस्वामींनी शके १६४०, म्हणजे इसवी सन १७१८ साली, बारामतीत शिवलीलामृत पुरे केले. त्याचा दुसरा अध्याय महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत आजही वाचला जातो. व्याध तळ्याकाठी बेलाच्या झाडावर बसला आहे. घरी पोरे उपाशी आहेत. पहिली हरिणी येते. ती गाभण आहे. ती म्हणते, मला जाऊ दे, पाडस जन्माला घालून परत येते. शपथांवर शपथा घेते. व्याध बाण उतरवतो. मग दुसरी हरिणी येते, मग मृग येतो, मग आणखी एक. प्रत्येकाला काही ना काही उरकून यायचे आहे. व्याध प्रत्येकाला सोडतो आणि रात्रभर बेलाची पाने तोडून खाली टाकीत बसतो. खाली शिवलिंग आहे हे त्याला माहीत नाही. पहाटे सगळी हरणे परत येतात आणि 'आधी मला मार' म्हणून आपसांत भांडतात. शेवटी व्याधाचे मन पालटते, विमान येते, आणि ती हरणे तारामंडळात जाऊन बसतात.

लहानपणी ही कथा मला सत्यवचनाची वाटे. मोठेपणी ती निराळी दिसू लागली. ज्याच्या हातून जखमी हरीण निसटले असेल, अशा कुठल्याशा शिकाऱ्याने रचलेली ही गोष्ट असावी, असे मला वाटते. याला पुरावा नाही. वाचकाचा हा अंदाज आहे. पण पाहा, त्या माणसाला रात्रभर काय वाटत असेल? ते परत येवो. अंगावर जखम नसताना येवो. आपल्या पाडसाला पाजून, आपले सगळे उरकून येवो आणि आपण त्याला मारू नये. शिवरात्रीची कथा हे त्या माणसाचे स्वप्न आहे. म्हणून तिच्यात बाण धनुष्यावर चढतो, पण सुटत नाही. जे प्रत्यक्षात घडून गेले ते कथेत त्याने घडू दिले नाही.

आणखी एक फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. परीक्षिती धावला, व्याध बसून राहिला. जाणत्या शिकाऱ्यांचे शास्त्र याबाबत काय म्हणते ते मुद्दाम सांगतो. बाण गोळीसारखा धक्क्याने मारीत नाही. तो रक्त वाहवून मारतो. फुप्फुसात बसला तर जनावर थोड्या अंतरावर कोसळते. त्या रक्ताला फेस असतो आणि रंग उजळ असतो. काळिजात बसला तर रक्त काळपट. पोटात बसला तर रक्ताबरोबर हिरवट घाण येते आणि जनावर तासन् तास जगते. म्हणून बाण लागताच धावत सुटायचे नसते. जिथे शेवटचे दिसले ती जागा मनात पक्की करायची, खूण ठेवायची, आणि थांबायचे. पोटात बाण लागला असेल तर पुष्कळ वेळ थांबायचे. कोणी मागे लागले नाही तर जखमी हरीण जवळच आडोशाला बसते. पाठीमागे पावले वाजली की मात्र ते होते नव्हते ते बळ एकवटून उठते आणि जिथे माग लागणार नाही तिथवर जाते. अमेरिकेत अजून कायद्याने धनुष्यबाणाची शिकार चालते, तिथले शिकारी हेच नवशिक्याला पहिल्यांदा शिकवतात. आणि एवढे करूनही कधीकधी जनावर सापडत नाही, हेही ते सांगतात.

या शास्त्राने पाहिले तर परीक्षितीने आपले हरीण आपल्याच पायांनी हाकून घालवले. थांबण्याची ताकद त्याच्यात नव्हती. हरणापाशी थांबला नाही, आणि मौनी ऋषीपाशीही थांबला नाही. दोन्ही चुका एकाच माणसाच्या आहेत आणि एकाच स्वभावातून आलेल्या आहेत. व्यासांची ही बांधणी पाहिली की कादंबरी लिहिणाऱ्या माणसाने कान धरावा.

*

इथे थोडे स्वतःविषयी सांगतो. नाहीतर वाचक म्हणतील की मास्तरला हरणाचे एवढे का लागले.

मी बारा वर्षांचा होतो. हरभऱ्याच्या राखणीला पहाटे शेतात जात असे. काळविटांचा कळप रात्रीतून तास न् तास खाऊन जाई. बांबूची कामटी, सुतळीची दोरी आणि मोडक्या छत्रीच्या काड्या घासून केलेले बाण, असे धनुष्य आम्ही पोरे करीत असू. हरणाची शिकार १९७२ च्या कायद्याने बंद झालेली होती, हे आम्हांला ठाऊक नव्हते, आणि त्या बाणाने काही मरेल असेही कधी वाटले नव्हते. त्या पहाटे धुके होते. एक मादी बांधाच्या अलीकडे, अगदी दहा पावलांवर उभी होती. मी काडी सोडली. ती तिच्या मागच्या फऱ्याच्या पुढे, पोटाकडे शिरली. ती उडाली नाही, ओरडली नाही. एकदा वळून पाहिले आणि पळाली. मी मागे धावलो. काळ्या ढेकळांवर रक्ताचे थेंब होते, हरभऱ्याच्या पानांवर होते, ओढ्याच्या वाळूत होते. पुढे ज्वारी लागली, पुरुषभर उंच, आणि माग संपला.

घरी आलो तेव्हा धाकटा भाऊ ओट्यावर बसला होता. त्याने विचारले, "दादा, कुठं गेलतास?" मी त्याच्या तोंडात मारली. तो सात वर्षांचा. का मारले हे त्याला कळले नाही, म्हणून तो रडलासुद्धा उशिरा.

आजीने ते पाहिले. माझ्या बोटांना लागलेले रक्तही पाहिले. तिने हात धरून मला आत नेले आणि विचारले. मी सांगितले. ती रागावली नाही. म्हणाली, "त्या जितराबाचा राग ह्या लेकरावर कशाला काढायलास? चल, दाखव कुठं दिसंनासं झालं ते."

दिवसभर ती आणि मी ज्वारीच्या तासातून हिंडलो. ती पुढे, मी मागे. ती बोलत नव्हती. वाकून ताटे बाजूला करायची, पाहायची, पुढे जायची. दोन ठिकाणी वाळलेले रक्त सापडले, हरीण सापडले नाही. दिवस मावळल्यावर आम्ही बांधावर बसलो. मी म्हणालो, "न्हाई सापडलं. वाचलं आसंल का?" मला वाटले ती 'हो' म्हणेल. तिने पदराने तोंड पुसले आणि म्हणाली, "आपल्याला म्हाईत न्हाई. वाचलं म्हणू नको, मेलं म्हणू नको. आपण मारलंय एवढं ध्यानात ठेव." समोर पूर्वेला तिकांडे वर आले होते. तिने बोट करून दाखवले आणि म्हणाली, "त्यालाबी अजून सापडलं न्हाई."

पुढे कधीतरी भावाला त्या चापटीची आठवण देऊन मी माफी मागितली. त्याला ती चापट मुळीच आठवत नव्हती. शमीकानेही राजावर राग धरला नाही. राजा थकलेला, भुकेला होता, त्याला माझे व्रत ठाऊक नव्हते, असे म्हणून त्याने उलट शाप देणाऱ्या मुलालाच बोल लावला. ज्याच्या गळ्यात साप पडतो तो कधीकधी विसरतो. टाकणाऱ्याला विसरता येत नाही.

*

आता पुन्हा साहित्याकडे. मला तक्रार करायची आहे ती आजच्या आपल्या लिहिण्याविषयी, त्यात माझेही लिहिणे आलेच. मराठीत 'घायाळ हरिणी' हे शब्द किती स्वस्त झाले आहेत! नायिकेला वाईट वाटले की ती घायाळ हरिणी. तिने पाहिले की पाहणारा घायाळ. मृगनयना, हरिणाक्षी, हरिणीची चाल, हे सगळे कवितेच्या फडताळात तयार मिळते. माझ्या पहिल्या कादंबरीत मी हे शब्द दोन वेळा वापरले आहेत, आणि ते लिहिताना मला ओढ्याच्या वाळूतले थेंब आठवले नव्हते, याची आता लाज वाटते. रानातले हरीण आपण उपमेत मारले. उपमेत मारलेल्या जनावराचा माग कोणी काढीत नाही.

कालिदासाने असे केले नाही. शाकुंतलाच्या आरंभी दुष्यंत हरणामागे रथ हाकतो, तेव्हा ते हरीण मान वळवून मागे पाहते आहे, आणि दमून उघड्या पडलेल्या तोंडातून अर्धवट चावलेले गवत वाटेवर सांडते आहे. ही उपमा नाही. हे डोळ्यांनी पाहिलेले हरीण आहे. तपस्वी मधे येतात, राजा बाण उतरवतो. पण कालिदास तिथे थांबत नाही. चौथ्या अंकात शकुंतला आश्रम सोडून निघते तेव्हा एक पाडस तिचे वस्त्र ओढते. दर्भाच्या टोकाने त्याचे तोंड चिरले होते तेव्हा तिने त्या जखमेला इंगुदीचे तेल लावलेले असते. इंगुदी म्हणजे आपले हिंगणबेट, आमच्या माळावर काटे घेऊन उभे असते ते. आणि पाचव्या अंकात भर दरबारात राजाला ओळख पटवताना ती काय सांगते? त्या पाडसाने तुमच्या हातचे पाणी घेतले नाही, माझ्या हातचे घेतले. पहिल्या अंकात सुटलेले हरीण कालिदासाने पाचव्या अंकापर्यंत नजरेआड होऊ दिले नाही. धनुष्य धरणाऱ्या हाताचा त्या जिवाला भरवसा नाही, हे राजाला ऐकावे लागले. याला मी माग काढणे म्हणतो.

मराठीत व्यंकटेश माडगूळकरांनी ही दृष्टी आणली. त्यांचे 'सत्तांतर' वाचावे. वानरांच्या टोळीची ती गोष्ट आहे आणि १९८३ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तिथे वानर हा माणसाच्या कुठल्या भावनेचे सोंग घेऊन येत नाही, तो वानर म्हणून जगतो आणि मरतो. मारुती चितमपल्लींनी आपली सारी नोकरी वनखात्यात केली, आणि रानातले शब्द वेचून मराठीला दिले. २०२५ साली ते गेले. या दोघांनी आम्हां लिहिणाऱ्यांना एक धडा घालून दिला आहे. जनावराविषयी लिहायचे तर आधी त्याच्याकडे पाहा.

कोणी म्हणेल, मास्तर, आता धनुष्यबाण कुठे राहिले? शिकार बंद होऊन अर्धशतक उलटले. खरे आहे. पण आमच्या रस्त्यांवर रात्री भरधाव मोटारी धावतात. काळवीट आडवे येते, धक्का लागतो, ते उठते आणि लंगडत तुरीत शिरते. मोटारवाला क्षणभर थांबतो, काचेतून पाहतो, काही दिसत नाही. "गेलं वाटतं, वाचलं असेल," असे स्वतःशी म्हणून पुढे जातो. वनखात्याला फोन करण्याएवढाही वेळ त्याच्यापाशी नसतो. पुढल्या गावी चहा प्यायला थांबला की तो हॉटेलातल्या पोरावर ओरडतो, चहा गार का म्हणून. त्या पोराच्या गळ्यात मेलेला साप पडला, एवढेच मी म्हणेन.

परीक्षितीला शाप कळला तेव्हा त्याला मरणाचे फारसे वाटले नाही. आपण मौनी माणसाशी असे वागलो याचेच वाईट वाटले, असे महाभारत सांगते. भागवतात तो राज्य सोडून गंगेच्या काठी बसला आणि सात दिवस ऐकत राहिला. जो रानात क्षणभर थांबू शकला नाही तो अखेर थांबायला शिकला, आणि म्हणून तो मला वंद्य आहे. त्याच्या नावाने मांडव पडतात ते योग्यच आहे. तरी मनात येते की त्या सात दिवसांतल्या एका दुपारी तरी त्याने कोणाला रानात धाडून विचारायला हवे होते.

त्या मुलाला मी पुढल्या आठवड्यात उत्तर दिले. सांगितले, "बाळ, हरणाचं काय झालं ते व्यासांनी लिहिलेलं नाही. राजाला कळलं नाही, म्हणून आपल्यालाही कळत नाही."

तो थोडा वेळ उभाच राहिला. मग म्हणाला, "पण गुरुजी, राजानं परत जाऊन बघायला पाहिजे होतं."

मी हजेरीपट उघडला आणि नावे घ्यायला लागलो.